पाचुंदेवाडीचा उकिरडा

“उकिरडा? हाय की सायेब! आख्ख्या तालुक्यात नसंल असा उकिरडा हाय आमचा!”

माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरून आमचे धाकटे दीर रंगराव खोत असे गरजले आणि मांडवात टाळ्या पडल्या. रंगराव तेव्हा पाचुंदेवाडीचे सरपंच होते. सरपंच झाल्यापासून त्यांना दोन गोष्टींची सवय जडली होती, कडक इस्त्रीच्या टोपीची आणि टाळ्यांची. टोपी एखाद दिवशी विसरायचे, पण टाळी पडली नाही तर त्यांना जेवण जात नसे.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. शाळेच्या पटांगणात जनसुनावणी भरली होती. गावाच्या वरच्या माळावर एका कंपनीनं अकरा अकरा मजल्यांच्या इमारती बांधायला काढल्या होत्या आणि त्याबद्दल गावाची काही हरकत आहे का, हे विचारायला मंडळी आली होती. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले, प्रत्येकाच्या हातात लाडूचा पुडा. हरकत असेल त्यानं लाडू संपवून मग बोलावं, असा एकंदर बेत होता. अकरा मजल्यांच्या त्या वसाहतीचं नाव होतं ‘पर्णकुटी व्हॅली’. व्हॅली म्हणजे दरी, हे मला शाळेच्या गुरुजींनी सांगितलं. माळाच्या टोकावर बांधायचं आणि दरी म्हणायचं! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

कंपनीचे साहेब होते सबनीस म्हणून. गोरेपान, गुळगुळीत, बोलताना मान एका बाजूला कलती करणारे. त्यांनी आधी विचारलं होतं, “गावाचा घनकचरा सध्या आपण कुठे टाकता?” घनकचरा हा शब्द गावात कुणीच ऐकलेला नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग सबनीस समजूतदारपणे हसले. त्यांना वाटलं असावं, आपण जरा गावकऱ्यांच्या पातळीवर उतरून बोलावं. ते म्हणाले, “म्हणजे, उकिरडा वगैरे आहे का गावात?”

उतरताना पाय कुठं पडतोय ते बघायचं असतं. ते त्यांनी बघितलं नाही.

शहरात उकिरडा ही शिवी आहे. आमच्याकडे ती इस्टेट होती. मुलगी द्यायला आलेला पाहुणा ओसरीवर टेकायच्या आधी घरामागं जाऊन उकिरडा बघून यायचा. उकिरडा मोठा म्हणजे दावणीला जनावरं जास्त, जनावरं जास्त म्हणजे घरात दूधदुभतं, म्हणजे पोरगी सुखात. पाचुंदेवाडीचा तर गायरानावर सगळ्या गावाचा मिळून उकिरडा होता. घरटी एकेक वाटा आखून दिलेला. त्यात शेण, राख, उसाचं पाचट आणि गोठ्याचा केर, एवढंच पडायचं. वर्षभर कुजायचं आणि काळंभोर, भुसभुशीत खत होऊन रानात जायचं. तेव्हा आपल्या गावच्या वैभवाची साहेबानं चौकशी केली, असं रंगरावांना वाटलं. त्यांची छाती फुगली.

“मोठा आहे का?” सबनीसांनी विचारलं.

“मोठा म्हंजे! कितीबी टाका सायेब, पोटात घेतोय. वर्साच्या आत सोनं करून देतोय.”

“किती जुना असेल?”

“आज्ज्या-पणज्याच्या येळपास्नंचा.”

“वा! आणि त्यात अजून भर पडली, तर गावाची काही हरकत?”

“हरकत?” रंगराव मांडवाकडे वळून हसले. “आवो, उकिरड्यात भर पडली तर कोण न्हाई म्हनंल? चांगलंच की!”

पुन्हा टाळ्या. सबनीसांच्या शेजारी बसलेला सरकारी माणूस भराभरा लिहीत होता.

मी बायकांत, मागं बसले होते. मला काहीतरी खटकलं, म्हणून उठून विचारलं, “सायेब, तुमच्या वरच्या घरांचा केरकचरा कुठं जायाचा?”

सबनीसांनी मान कलती केली. “मावशी, आत्ता सरपंच काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

मांडव हसला. रंगरावांनी माझ्याकडं असं बघितलं, की वैनी, थोरल्या भावाची बायको म्हणून सोडतोय. मी खाली बसले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कशाला हसलो ते ठाऊक नव्हतं, पण लाडू हातात असला की माणूस हसतो.

इमारती उभ्या राहिल्या, माणसं राहायला आली आणि एक दिवस रंगरावांनी दवंडी दिली, की वसाहतीचा पहिला ट्रॅक्टर गावच्या उकिरड्यावर येतोय, सगळ्यांनी जमावं.

आता सांगताना माझंच मला खरं वाटत नाही, पण आमचा गाव त्या ट्रॅक्टरला सामोरा गेला. रंगरावांनी पाटलांच्या दारातला वाजंत्रीवाला बोलावला होता. त्यांच्या बायकोनं, सुगंधानं, ट्रॅक्टरच्या तोंडाला हळद-कुंकू लावलं. ड्रायव्हर बिचारा मख्खासारखा बसून राहिला. रंगरावांनी चाकापुढं नारळ फोडला आणि दोन शब्द बोलले.

“मंडळी, शहरातली मानसं काय खात्यात म्हाईत हाय का? बदाम, पिस्तं, सफरचंद! आपल्या खरकट्यात काय आसतंय? भाकरीचा तुकडा! ह्येंच्या खरकट्याचं खत पडल्यावर ऊस किती जाईल, इचार करा!”

लोकांनी विचार केला. नुसता केला नाही, पहिली ट्रॉली कुणाच्या वाट्यात रिकामी करायची यावरून दोघांची गचांडी धरायची वेळ आली. शेवटी सरपंचांच्या वाट्याचा मान ठरला आणि ट्रॉलीचं तोंड वर झालं.

आधी आला वास. मग सगळी घाण खाली आली. काळ्या पिशव्या, फुटक्या फरशा, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, औषधांच्या बाटल्या, बायकांचं जे चारचौघांत दिसू नये ते. ट्यूबलाइट फुटल्याचा आवाज झाला तशी वाजंत्री थांबली. पांढऱ्या फुगीर गठड्या घरंगळत सगळ्यांच्या पायाशी आल्या. म्हाताऱ्या ज्ञानू कुंभारानं त्यातली एक काठीनं उलटीपालटी केली.

“ही कसली रं उशी?”

“ल्हान पोरांची मुतायची चड्डी हाय ती आज्जा,” ड्रायव्हर म्हणाला. “दिवसात चार-पाच लागत्यात एकेकाला.”

बायकांनी पदर नाकाला लावले. रंगरावांच्या हातात फुटलेल्या नारळाची वाटी तशीच होती. वाटलं, आता हा माणूस ती फेकून ट्रॅक्टर परत फिरवेल. पण पडलो तरी नाक वर, ही खोतांच्या घराण्याची जुनी खोड. त्यांनी शांतपणे खोबरं फोडलं, सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाले, “पैला हप्ता हाय. मागनं चांगला माल येईल.”

गावानं खोबरं खाल्लं आणि गाव घरी गेला.

मागून जो माल आला तो आम्ही सगळ्यांनी बघितला. एकाच्या चार ट्रॉल्या झाल्या. शेणाचे वाटे तळाला गेले, वर डोंगर उभा राहिला. घारी आल्या, कुत्री आली, मधेच आतल्या आत पेट घेऊन धूर सुटायला लागला. कुंभाराची गाय मेली तेव्हा तिच्या पोटातून पाटीभर पिशव्या निघाल्या. बरं, गावानं काय केलं? गावानं आपलाही कचरा आणून तिथंच ओतायला सुरुवात केली. नाहीतरी घाणच आहे म्हणे! वरच्या लोकांना शिव्या घालत घालत आमची माणसं आपल्या पाट्या तिथं रिकाम्या करत होती. मी वरच्यांना नावं ठेवते, पण खालच्यांची आरती करायचं मला काही कारण दिसत नाही.

गायरानाच्या उताराला, ओढ्याच्या कडेला माझा पानमळा होता. वाटण्या झाल्या तेव्हा रंगरावांनी वरची उसाची रानं घेतली आणि आमच्या ह्यांच्या वाट्याला हा मळा आला. हे गेल्यावर सगळे म्हणाले, वेल काढून टाक, ऊस लाव, एकट्या बाईला मळा झेपायचा नाही. मी काढला नाही. नागवेल म्हणजे नखरेल जात. पाणी जास्त झालं तर रुसते, कमी झालं तर रुसते, ऊन लागलं तर करपते. शेवरीच्या झाडांवर वेल चढवायचे, सावली धरायची, रोज हात फिरवायचा. दुसऱ्या कशात माझा जीव नव्हता. पोरगी सासरी, घरात मी एकटी. मळ्यात गेलं की बाहेर ऊन असो की वारा, आत गारवा आणि हिरवा उजेड. त्या उकिरड्याच्या खतावर तर तो मळा पोसलेला होता. पाऊस झाला की खताचा पाझर उतारानं यायचा आणि पानं तळहाताएवढी व्हायची.

आता उतारानं दुसरंच काही यायला लागलं. ओढ्याचं पाणी चहासारखं झालं. मग विहिरीवर तवंग आला, तेलाचा असतो तसा. त्या पाण्यात हात घातला की बोटांना चिकट लागायचं. पानांवर आधी पिवळे ठिपके आले, मग कडा काळ्या पडल्या. मिरजेच्या बाजारात माझी पानं वर्षानुवर्षं घेणारा अब्दुलचाचा होता. त्यानं एक दिवस पानांची कवळी, म्हणजे जुडी, नाकाशी नेली आणि हळूच बाजूला ठेवली.

“हौसाबाई, पान कशानं धुतलंय?”

“इहिरीच्या पाण्यानं. न्हेमीसारखं.”

“मग इहीर बघा,” तो म्हणाला. त्यानं भाव पाडला नाही. त्यानं पानं घेतलीच नाहीत.

मी तशीच पर्णकुटीत गेले. फाटकावर चौकशा झाल्या आणि मला सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंपुढं उभं केलं. बाई चांगल्या होत्या, मला पाणी दिलं, बसायला दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून जिन्याखाली नेलं आणि दोन डबे दाखवले, एक हिरवा, एक निळा.

“आम्ही ओला कचरा वेगळा करतो, सुका वेगळा. आमच्या सोसायटीला बक्षीस मिळालंय त्याचं.”

“पण बाई, दोनी डबं एकाच ट्रॉलीत पडत्यात. मी बघितलंय.”

“ते मग त्यांनी बघायला हवं.”

“त्यांनी म्हंजे कुणी?”

“ज्यांचं काम आहे त्यांनी,” बाई म्हणाल्या. जरा थांबल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “तुमचा पानमळा आहे म्हणालात ना? आमच्याकडे पौर्णिमेला पूजा आहे. विड्याची पानं मिळतील? म्हणजे फवारणी वगैरे न केलेली, शुद्ध?”

मी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यात खोट काही नव्हती. तिला खरंच पानं हवी होती. आपल्या चड्ड्या माझ्या विहिरीत मुरतात आणि त्याच विहिरीवरचं शुद्ध पान आपल्याला पूजेला लागतं, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखच नव्हती. असल्या माणसाशी भांडताही येत नाही. मी नमस्कार केला आणि खाली आले.

तिथून मी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला, हेलपाटे घातले. शेवटी पाटणकर नावाच्या अधिकारीबाईंनी माझं ऐकून घेतलं. तरुण होत्या, कोरड्या बोलायच्या, पण वाकड्यात शिरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला सरळ सांगितलं, “हौसाबाई, सगळं एका गोष्टीवर आहे. तिथे पूर्वीपासून कचरा टाकायची जागा होती असं कंपनी म्हणते, आणि तुमच्या सरपंचांनीच ते भर सभेत सांगितलंय. ते खरं असेल तर माझे हात बांधलेले आहेत. पण तिथे कचऱ्याची जागा नव्हतीच, असं सरपंचांनी माझ्यासमोर सांगितलं, तर मी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बंद करते.”

म्हणजे माझा मळा रंगरावांच्या एका वाक्यावर येऊन ठेपला होता. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते, सुगंधा आत भाकऱ्या करत होती.

“भावजी, मॅडम येनार हायत चौकशीला. एवढंच सांगा, की त्यो खताचा उकिरडा हुता. सायबानं इचारलं येक, तुमी समजला येक. झालं.”

रंगरावांनी झोपाळा थांबवला.

“आन मग काय म्हनतील लोकं? सरपंचाला उकिरडा म्हंजे काय त्येबी कळंना?”

“तुमाला कळतंय वो. त्या सायबाला कळत न्हाई.”

“बरुबर. पर हसत्याल मला. त्येला न्हाई.”

“हसू द्या की! येक दिवस हसत्याल. माझा मळा चाललाय भावजी.”

“वैनी, तुमाला कळायचं न्हाई. मी नारळ फोडलाय तिथं. वाजंत्री लावून.” त्यांचा आवाज खाली आला. “आता कुठल्या तोंडानं सांगू, की मी गू-मुताच्या गाडीला ववाळलं?”

आतून भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. सुगंधा ऐकत होती, पण बाहेर आली नाही. रंगरावांनी पायानं पुन्हा झोपाळ्याला रेटा दिला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, किळस आली. पैसे खाल्लेला माणूस परवडतो, तो निदान पोटासाठी खातो. हा माणूस सगळा गाव घाणीत बसवायला तयार होता, का तर कट्ट्यावर दोन टवाळ पोरं फिदीफिदी हसतील म्हणून.

मग मी ठरवलं, ही चौकशी मळ्यात व्हायला पाहिजे.

आमच्या भागात पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. वेल देवाचा म्हणून. मालक असो की गडी, पाहुणा असो की पाटील, कुंपणाबाहेर चपला काढूनच आत यायचं. आणि पाचुंदेवाडीत त्याला जोडून आणखी एक रीत होती. मळ्यात अनवाणी उभं राहून खोटं बोलायचं नाही. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, दोघांना मळ्यात उभं करायचे. खोटं बोलणाऱ्याच्या घराण्याला पुन्हा वेल लाभत नाही, असं म्हणत. माझा त्यावर विश्वास होता का, हे विचारू नका. रंगरावांचा होता, तेवढं मला पुरे होतं.

पाटणकर मॅडम सकाळी आल्या. आधी तो डोंगर बघितला, नाकाला रुमाल लावून सगळीकडं फिरल्या. मग मी म्हणाले, “मॅडम, इहीर बघा, पानं बघा, आन काय इचारायचं ते तितंच सावलीला बसून इचारा.” त्यांना सावली बरी वाटली. सबनीस होते, रंगराव होते, मागून निम्मा गाव होता.

कुंपणाशी आल्यावर मी म्हणाले, “पायताणं भाईर काढायची रीत हाय.”

मॅडमनी सँडल काढल्या. सबनीस तर खूशच झाले. “अरे वा, किती छान परंपरा!” ते खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून घडी करून बुटांत ठेवले आणि पांढऱ्याफटक पायांनी आत आले. गावची माणसं एकेक करून चपला काढून वेलांच्या ओळीत उभी राहिली.

रंगराव कुंपणाबाहेरच थांबले. पायात कोल्हापुरी करकरीत चपला.

“या की सरपंच,” मॅडम म्हणाल्या.

“असू द्या मॅडम. हितनं ऐकू येतंय.”

मॅडमनी खांदे उडवले. त्यांना आधी सबनीसांचं म्हणणं घ्यायचं होतं. सबनीस एका शेवरीला टेकून उभे राहिले आणि मान कलती करून म्हणाले, “मॅडम, आम्ही नवीन काहीच केलेलं नाही. गावात जी सोय आधीपासून होती, तीच गावाच्या संमतीनं वापरतोय. उलट आम्ही तिथे नियमित औषध फवारतो.” औषधाचा एक थेंब कुणी बघितला नव्हता. अनवाणी उभा राहून तो माणूस घडाघडा खोटं बोलला आणि त्याच्या पायाला साधी मुंगीसुद्धा चावली नाही. त्याला रीत ठाऊकच नव्हती. ठाऊक असती तरी त्यानं ‘किती छान’ म्हटलं असतं आणि हेच बोलला असता.

“आता सरपंच, तुम्ही सांगा,” मॅडम म्हणाल्या. “तिथे आधी काय होतं? गावाचा कचरा टाकायची जागा होती, की नव्हती?”

गाव रंगरावांकडं बघायला लागला. त्यांच्या तोंडाकडं नाही, पायांकडं.

“भावजी,” मी म्हणाले, “आत येऊन सांगा.”

“आत काय आन भाईर काय. शब्द त्योच.”

“त्योच आसंल तर या की मग.”

रंगराव वाकले. उजव्या चपलेच्या अंगठ्यातून पाय अर्धा बाहेर काढला. मी मनात त्या नागवेलीला म्हटलं, ओढ गं बाई ह्याला आत. इतक्यात मागं गर्दीत कुणीतरी खोकलं. खोकलाच असेल, हसणं नसेल. पण रंगरावांच्या कानाला ते हसण्यासारखं लागलं. त्यांनी पाय पुन्हा चपलेत सारला, ताठ झाले आणि टोपी सारखी केली.

“मॅडम, लिवून घ्या. जे आता हाय, त्येच पयल्यापास्नं हुतं. उकिरडाच हुता.”

आणि शब्दाला शब्द धरला तर ते खोटंही नव्हतं.

गावातल्या प्रत्येकाला कळलं होतं. जो माणूस मळ्याच्या आत पाऊल टाकू शकला नाही, त्यानं काय सांगितलं ते शेंबड्या पोरालाही समजलं असतं. पण कुणी तोंड उघडलं नाही. सगळे आपापल्या अनवाणी पायांकडं बघत होते. मी ओरडले, “मॅडम, ते आत आलं न्हाईत! बघा, ते आत आलं न्हाईत!”

मॅडमनी गोंधळून माझ्याकडं बघितलं. “हौसाबाई, ते आत आले नाहीत याचा आणि कचऱ्याचा काय संबंध?”

मी सांगायचा प्रयत्न केला. वेल, चपला, रीत. बोलता बोलता मलाच कळत होतं, की सरकारी कानाला हे कसं लागत असेल. मी गावाकडं वळून म्हणाले, “तुमी सांगा की रं कुनीतरी!” ज्ञानू कुंभारानं कुंपणाबाहेरची वाट धरली. बाकीचे त्याच्यामागं गेले. सबनीस बांधावर बसून मोजे घालत होते. जाताना मॅडम मला म्हणाल्या, “मला वाईट वाटतं.” वाटलंही असेल. वाईट वाटण्यावाचून त्या जागेवरून त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

दिवाळीच्या आत मळा गेला. वेल मुळातून कुजले. हातात धरून नुसते ओढले तरी सुटून यायचे. मी गडी लावला नाही, सगळे वेल माझ्या हातानं उतरवले आणि बांधावर रचले. शेवरीची झाडं तेवढी उघडी उभी राहिली. त्या पावसाळ्यात ओढा फुगून वरच्या डोंगरातली घाण मळ्यातून वाहून गेली होती, तिचा गाळ वाफ्यांत बसला होता.

एक दिवस दुपारी मी बांधावर बसले होते, तर रंगराव येताना दिसले. चौकशीनंतर आमचं बोलणं नव्हतं. त्यांनी मला बघितलं, कुंपण होतं त्या जागी थांबले आणि चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जोडल्यासारखे दोन्ही हात पुढं धरून ते वाफ्यांतून चालत आले.

“वैनी, सबनीस सायेब म्हनत हुते, ही जमीन त्यास्नी पायजे. उकिरडा वाढवायचाय. बोलनी करून बघा म्हनलं.”



ते तसेच उभे राहिले. खाली मातीकडं बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “वैनी, मला पैल्या दिवशीच कळलं हुतं. ट्रॉली उलटली तवाच. नारळ हातात हुता.” त्यांचे डोळे भरले होते. “त्या दिवशी मला आत याचं हुतं. खरंच याचं हुतं वो.”

त्यांना वाटत होतं, मी आता रडेन, किंवा शिव्या देईन, किंवा माफ करेन. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मळ्यात अनवाणी उभा राहून खरं बोलत होता आणि त्याबद्दल त्याला काहीतरी हवं होतं. टाळीच, दुसरं काय.

“चपला घाला, भावजी,” मी म्हणाले. “खाली काचा हायत.”